लोकल स्वस्त, टोकं महाग

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाच्या याद्या फिरू लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी वारस नोंद, पेन्शन, सातबारा विचारणारे वाचक जून-जुलैत मुलांच्या प्रवासाबद्दल विचारू लागतात. यंदा उरणपासून मालवणपर्यंतची पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून हा अंक पूर्णपणे त्यालाच देते: शिकायला शहरात गेलेल्या मुलांचा येण्याजाण्याचा खर्च.

नवीन वाचकांसाठी सांगते. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझी नोकरी झाली आणि रेल्वे कन्सेशनचे फॉर्म देणं हे माझ्याकडचं काम होतं. निवृत्तीनंतर नेवऱ्याला घरी आले. आपल्याकडची मुलं खिडकीसमोर चटकन ओळखू यायची. हुशार असायची, पण विचारायला कचरायची. फॉर्म मिळतो हेच ठाऊक नाही म्हणून महिनोन्‌महिने पूर्ण दराने पास काढणारी मुलं मी पाहिली आहेत. गावाकडून आईबापांनी पाठवलेले पैसे असे जाताना पाहून मला फार वाईट वाटायचं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देते आहे.

प्रश्न : काकू, मला माटुंग्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. आत्या बदलापूरला राहते, ती ‘इकडेच ये’ म्हणते. मैत्रिणी दादरला चौघींत खोली घ्यायची म्हणतात. बाबांना वाटतं, बदलापूरहून रोज आले तर सगळे पैसे प्रवासातच जातील. खरंच जातील का? (एक विद्यार्थिनी, गुहागर तालुका)

उत्तर : बाबांना सांग, लोकलच्या भाड्याची काळजी करू नका. मुंबईत पैसे जातात ते प्रवासाच्या दोन टोकांना. घरापासून स्टेशन हे एक टोक आणि स्टेशनपासून कॉलेज हे दुसरं. मधला लांबच लांब रेल्वेचा प्रवास सगळ्यांत स्वस्त पडतो.

आकडे मांडून बघ. सेकंड क्लासचा सर्वांत छोटा मासिक पास पूर्ण दरानेसुद्धा १०० रुपयांचा आहे. अंतर वाढतं तसा पास वाढतो, पण त्याच पटीत वाढत नाही. बदलापूरसारख्या लांबच्या स्टेशनचा पासही काही शेकड्यांत बसतो आणि विद्यार्थी म्हणून तुला त्याच्या निम्मेच भरायचे आहेत. १ जुलै २०२५ ला रेल्वेने लांब पल्ल्याची भाडी वाढवली, तेव्हाही लोकल आणि पास यांना हात लावला नाही. आता रिक्षा बघ. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई परिसरात मीटरचं किमान भाडं २६ रुपये झालं आहे. जाता-येता एकटीने रिक्षा केलीस तर रोजचे ५२. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,३०० रुपये, आणि तेही जेमतेम दीड किलोमीटरसाठी! बेस्टची साधी बस ९ मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये घेते, एसी बस १२. त्याच पंचवीस दिवसांचे साध्या बसने ५०० होतात.

तेव्हा आत्याला आधी हे विचार: घर स्टेशनपासून चालत किती मिनिटांवर आहे? वाटेत रात्री दिवे असतात का? शेअर रिक्षा मिळते का, आणि माणशी किती घेतात? वीस मिनिटांची चांगली वाट असेल तर सकाळी चालत जा. संध्याकाळी उशीर झाला की शेअर रिक्षा कर. अंधारात एकटीने चालून वाचवलेले पैसे मला नको आहेत, तुझ्या आईलाही नको असतील. दुसऱ्या टोकाला तुला खर्चच नाही, कारण माटुंगा स्टेशनवरून तिथल्या बहुतेक कॉलेजांत चालत जाता येतं.

दादरच्या खोलीत प्रवास वाचेल, पण भाडं आणि मेसचे पैसे त्याच्या कितीतरी पट होतील. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष आत्याकडे काढ. अट एकच, तिथे तुला अभ्यासाला बसायला जागा हवी. बदलापूर ते माटुंगा हा रोजचा प्रवास दमवणारा आहे, ते मी लपवणार नाही. घरी पोचल्यावर पुस्तक उघडायला कोपराच नसेल, तर वाचलेल्या पैशांचा उपयोग नाही.

आता कन्सेशन. पहिल्या आठवड्यातच कॉलेजच्या ऑफिसात जा आणि ‘रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कधी मिळतो’ असं स्पष्ट विचार. त्यावर तुझं नाव, जन्मतारीख, राहत्या ठिकाणचं स्टेशन आणि कॉलेजजवळचं स्टेशन लिहून, सही-शिक्का मारून देतात. तो घेऊन ओळखपत्रासह तिकीट खिडकीवर गेलं की निम्म्या दरात पास मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना सवलत ७५ टक्के आहे.

आपल्या मुलांची अडचण होते ती पत्त्यावर. आधार कार्डावर गावचा पत्ता, राहणं बदलापूरला. माझ्या खिडकीवर आम्ही नातेवाइकाचं पत्र आणि त्यांच्या घराचं लाइट बिल बघायचो. हॉस्टेलवाल्यांना हॉस्टेलचं पत्र लागायचं. प्रत्येक कॉलेजची पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून गावाहून निघण्याआधीच आत्याकडून दोन्ही कागद मागवून ठेव. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिही. फॉर्मवर स्टेशन चुकीचं पडलं तर रेल्वेच्या खिडकीवर कुणी दुरुस्त करून देत नाही, पुन्हा कॉलेजात फेरी पडते. फॉर्म मिळाला की तो पुस्तकात ठेवून विसरू नकोस, त्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते.

आणि माटुंग्याला जाणाऱ्यांसाठी खास सूचना. मध्य रेल्वेची फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही. बरीच मुलं फास्टने दादरला उतरतात आणि उलट माटुंग्याला येतात. पण पास माटुंग्यापर्यंतचाच असतो, त्यामुळे तेवढा तुकडा बिनतिकीट ठरतो आणि दादरच्या पुलावर टीसी उभे असतात. तू घाटकोपर किंवा कुर्ल्याला उतर आणि तिथून स्लो पकड.

मासिक काढू की तीन महिन्यांचा, हे तू विचारलं नाहीस, पण लवकरच विचारशील. तीन महिन्यांच्या पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे नव्वद दिवसांसाठी एक्याऐंशी दिवसांचे. नऊ दिवसांची बचत झाली. पण आपली मुलं गणपतीला, दिवाळीला घरी येणार, कुणी शिमग्यालाही येणार. त्या तीन महिन्यांत सलग नऊ दिवसांहून जास्त गावी राहणार असशील, तर मासिक पास काढ आणि तो घरी निघायच्या आसपास संपेल असा बेत कर. परतल्यावर नवीन काढायचा. ज्या तिमाहीत सण नाही, तिथे बेलाशक तीन महिन्यांचा घे. गर्दी पाहून फर्स्ट क्लासचा मोह होईल. त्यावरही विद्यार्थी सवलत मिळते, पण मूळ दरच इतका जास्त आहे की निम्मा केला तरी तो सेकंड क्लासच्या पूर्ण पासापेक्षा महाग राहतो. लेडीज डबा आहे, सवय होईल.

प्रश्न : माझा मुलगा पनवेलजवळ इंजिनीअरिंगला आहे. महिन्यातून एकदा घरी येतो. ट्रेनचं तिकीट मिळत नाही म्हणून खासगी बसने येतो आणि सणात तर ते मागतील तेवढे द्यावे लागतात. रेल्वेच्या सवलती बंद झाल्या ना? माझी ज्येष्ठ नागरिकाची सवलतही गेली. (एक वडील, चिपळूण)

उत्तर : भाऊ, तुमची सवलत गेली हे खरं आहे. मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात ज्येष्ठांचीही गेली. पण विद्यार्थी, काही आजारांचे रुग्ण आणि दिव्यांगांच्या काही गटांच्या सवलती तेव्हाही चालू ठेवल्या होत्या. बातमी वाचून लोकांनी ‘सगळंच बंद’ असं धरलं आणि मुलांनी विचारणंच सोडलं.

सुट्टीत आपल्या गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला स्लीपर आणि सेकंड क्लासच्या मूळ भाड्यात ५० टक्के सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के. वयाची मर्यादा साधारण गटाला २५ वर्षं, अनुसूचित जाती-जमातीला २७. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. एसीला ही सवलत नाही आणि तत्काळलाही नाही. यासाठीचा फॉर्म लोकलच्या पासाच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो, तो कॉलेजकडूनच घ्यायचा. आणि हे तिकीट मोबाइलवर निघत नाही! आरक्षण खिडकीवर फॉर्म देऊनच काढावं लागतं. मुलं मोबाइलवर बघतात, सवलतीची सोय दिसत नाही, आणि सोडून देतात. तुमच्या मुलाला पनवेल स्टेशनवरची खिडकी जवळ आहे.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वी १२० दिवस होते. गणपतीला येण्याची तारीख ठरलेली असते, तेव्हा साठ दिवस मागे मोजून मुलाने त्या सकाळी खिडकी उघडण्याआधी रांगेत उभं राहायचं. कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांचं स्लीपर सणाला बघता बघता भरतं. फॉर्म त्याआधी हातात हवा, म्हणून कॉलेजात पंधरा दिवस आधीच सांगून ठेवायला लावा.

एरवीच्या महिन्याला मी त्याला दिवा-सावंतवाडी गाडीने यायला सांगेन. आरक्षणाची भानगड नाही, पनवेलला थांबते, चिपळूणला थांबते, तिकीट सगळ्यांत कमी. वेळ लागतो आणि शनिवारी गर्दी असते. पण विशीतल्या मुलाला ते सोसतं, डबा बरोबर असला की झालं.

खासगी बसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असा शासन निर्णय २०१८ साली झाला आहे. तिकीट किंवा पैसे दिल्याचा मेसेज जपून ठेवा आणि जास्त घेतले तर आरटीओकडे लेखी तक्रार करा. लोक चिडतात, गप्प बसतात आणि पुढच्या सणाला पुन्हा तेवढेच पैसे देतात. तुम्ही तक्रार करा, मजकुरात अडलं तर मला लिहा. एसटीचं भाडं जानेवारी २०२५ मध्ये वाढलं, तरी सणात मनमानी होत नाही हा तिचा मोठा आधार आहे. तुमच्या पत्रात मुलीचाही उल्लेख आहे. ती पुढे शहरात गेली तर तिला एसटीत निम्मंच तिकीट पडेल. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत ५० टक्के सवलत आहे. साधी असो, शिवशाही असो.

प्रश्न : काकू, माका एक सांगा. रूममेट सुट्टीवर गेला की त्याचा पास पडूनच असतो. तो वापरला तर काय होतं? इथे बरेच जण वापरतात. (एक विद्यार्थी, मूळ गाव मालवण)

उत्तर : वापरू नको रे बाळा. पास ज्याच्या नावाचा, त्यानेच वापरायचा असतो, आणि त्याबरोबर त्याचं ओळखपत्र लागतं. टीसीने पकडलं की भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. दुसऱ्याचा पास फसवून वापरला असं ठरलं तर प्रकरण त्याहून वाढतं आणि रूममेटचा पासही जातो. थोडं गणित कर. लोकलचं सर्वांत कमी तिकीट ५ रुपयांचं आहे, जाऊन-येऊन १०. छोट्या अंतराचा विद्यार्थी पास साधारण पन्नाशीत बसतो, म्हणजे पाच दिवसांच्या जाण्यायेण्यात तो सुटला. एका दंडात तुझे कितीतरी महिने निघतील.

तू पत्रात सहज लिहिलं आहेस की पुलाचा वळसा नको म्हणून तुम्ही रूळ ओलांडून पलीकडच्या बसला जाता. ते आजपासून बंद कर. मी ज्या खिडकीत बसत होते, तिथे एका मुलाचा फॉर्म तयार होऊन पडून राहिला, तो न्यायला आलाच नाही. याहून जास्त मी लिहिणार नाही. पूल चढ.

प्रश्न : मुलीला सीएसएमटीजवळ कॉलेज आहे. आम्ही उरणचे. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणं जवळचं, की लोकल बरी? (एक आई, उरण)

उत्तर : ताई, सीझनभर रोज जायचं असेल तर लोकल. जानेवारी २०२४ मध्ये गाडी उरणपर्यंत आली आणि उरणच्या मुलांचा प्रश्न निम्मा सुटला. लाँचचा प्रवास सुंदर, पण ओहोटीला मोऱ्याच्या गाळामुळे लाँच अडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की सेवा बंद. परीक्षा भरती-ओहोटी बघून ठेवत नाहीत. शिवाय भाऊच्या धक्क्यावर उतरून पुन्हा बस लागते, म्हणजे टोकाचा खर्च आलाच.

लोकलने नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलून हार्बरने थेट सीएसएमटी. पास मात्र उरण ते सीएसएमटी असा एकच सलग काढायचा. दोन तुकड्यांचे दोन पास महाग पडतात. फॉर्मवरच ही दोन स्टेशनं लिहून घ्या. उरणच्या गाड्यांमध्ये अंतर मोठं आहे, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं, म्हणून वेळापत्रक मुलीच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्या स्वयंपाकघरातही असू द्या.

प्रश्न : मी अंधेरीला मामाकडे राहतो, कॉलेज दहिसरकडे आहे. मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलत आहे का? लहान भाऊ अकरावीला इथेच येणार आहे. (एक विद्यार्थी, लांजा)

उत्तर : भावाला आहे, तुला नाही. मेट्रो २ए आणि ७ या मार्गांवर मे २०२३ पासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत मिळते, मुंबई वन कार्डावर. पदवीच्या मुलांना ती नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण घरापासून दूर राहून खर्च करणारी मुलं बहुतेक पदवीचीच असतात. तुला ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या महिन्याच्या पासावर थोडी सूट मिळेल. पण त्याआधी मामांचं घर आणि तुझं कॉलेज नीट नकाशावर बघ. दोन्ही पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांपासून चालण्याच्या अंतरावर असतील, तर लोकलच्या विद्यार्थी पासासमोर मेट्रो टिकत नाही. कॉलेज हायवेच्या बाजूला असेल आणि स्टेशनवरून रोज रिक्षा करावी लागत असेल, तर मेट्रोचा पास परवडेल. इथेही टोकांचाच हिशेब आहे. बसचं म्हणशील तर चलो ॲपवर आणि कार्डावर ठरावीक फेऱ्यांचे पास असतात. बेस्टचा विद्यार्थ्यांचा पास कुणाला मिळतो, ते अंधेरीच्या आसपासच्या डेपोत जाऊन विचार. ॲपवर शोधत बसू नको, माणसाला विचार.

प्रश्न : मुंबई नको म्हणून मुलीला पुण्याला पाठवतोय, धाकटी राजापूरहून रत्नागिरीच्या कॉलेजात एसटीने जाईल. दोघींसाठी काय? (पालक, राजापूर)

उत्तर : पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत आहे, त्यासाठी विद्यार्थ्यांचं खास कार्ड काढावं लागतं. मेट्रो मोजक्याच मार्गांवर असल्यामुळे खोली मेट्रोच्या किंवा पीएमपीच्या थेट बसच्या रस्त्यावर बघा. पुण्यात ‘शेअर रिक्षा मिळेल’ या भरवशावर आतल्या सोसायटीत खोली घेऊ नका. मुंबईसारखी शहरभर लोकल नसल्यामुळे पुण्यात टोकं आणि मधला प्रवास दोन्ही अंगावर येतात, आणि मग वर्षाच्या मध्यावर मुलं दुचाकी मागतात.

धाकटी बारावीपर्यंत असेल तर अहिल्यादेवी होळकर योजनेत तिचा एसटी पास मोफत आहे. त्यापुढे शिकत असेल तर विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांशच भरायचे. महिला म्हणून मिळणाऱ्या निम्म्या तिकिटापेक्षा हा पास स्वस्त पडतो, तेव्हा रोज तिकीट काढू देऊ नका. बोनाफाइड, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन राजापूर आगारात जा. जूनच्या शेवटच्या दिवसांत तिथे रांग वाढते, कॉलेज सुरू झाल्याबरोबर पहिल्याच दोन-तीन दिवसांत उरकून घ्या.